मध्ये जाहिरात कशी नाही आली?

"बाबा, मध्ये एकदाही जाहिरात कशी नाही?"

जेवणं उरकून अमेरिकी गायक नॅट किंग कोलचा १९५७ सालचा टीव्ही शो लावला होता. कृष्णधवल, जरासा खरखरीत. पियानोशी तिरका बसलेला, नजर कॅमेऱ्याकडे, बोटं आपली आपण चाललेली. आवाज म्हणजे निव्वळ साय. लेकीचा अंगठा मात्र 'स्किप'साठी तयार!

म्हटलं, त्याला देशपातळीवरचा जाहिरातदार मिळालाच नाही गं.

रेकॉर्डी लाखांनी खपायच्या. त्याच्या रेकॉर्ड कंपनीच्या, कॅपिटल रेकॉर्ड्सच्या, हॉलिवूडमधल्या गोल इमारतीला लोक 'नॅटनं बांधलेलं घर' म्हणायचे. पण काळ्या माणसाच्या कार्यक्रमाला पैसा लावला तर अमेरिकेच्या दक्षिणेतलं गोरं गिऱ्हाईक तुटेल, ही कंपन्यांना धास्ती. एला फिट्झगेराल्ड, हॅरी बेलाफॉन्टेसारखे नामवंत गायक पाहुणे म्हणून येऊन गेले; कित्येकांनी नाममात्र मानधन घेतलं. तरी नोव्हेंबर १९५६ला एनबीसी या अमेरिकी वाहिनीवर सुरू झालेला शो डिसेंबर १९५७मध्ये आटोपला.

तो म्हणाला होता, मॅडिसन अ‍ॅव्हेन्यूला अंधाराची भीती वाटते. (मॅडिसन अ‍ॅव्हेन्यू म्हणजे न्यूयॉर्कची जाहिरातवाल्यांची गल्ली.)

लेक जरा वेळ गप्प. मग म्हणाली, "पण तो तर हसतोय."

तेव्हापासून त्या हसण्याकडेच बघतोय. तुम्हाला काय दिसतं त्यात?