शिझुओका: कठडे न लावणारे आजोबा

जपानची नोझोमी बुलेट ट्रेन शिझुओकाला थांबत नाही, हे मला अजूनही पटत नाही. प्लास्टिक मॉडेल बनवणाऱ्यांची ही पंढरी, आणि या मार्गावरची सगळ्यात वेगवान शिन्कान्सेन (बुलेट ट्रेन) तिथून सरळ निघून जाते. टोकियोहून जायचं तर तिच्याहून जरा हळू जाणारी हिकारी धरायची, म्हणजे तासाभरात पोचता येतं. जाताना उजवीकडची खिडकी मिळाली तर फुजी दिसतो. आम्ही गेलो त्या मे महिन्यातल्या शनिवारी ढग होते, तेव्हा त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

निमित्त होतं शिझुओका हॉबी शो या मॉडेलांच्या प्रदर्शनाचं. इथे टोकियोतल्या निशी-कासाईत राहायला आल्यापासून मी पुन्हा मॉडेलं बनवायला लागले आहे. लहानपणी डोंबिवलीत बाबा आणि मी रविवारी दुपारी वर्तमानपत्र पसरून विमानं जोडायचो. किट फोर्टमधल्या एका दुकानातून यायचं, महाग असायचं, म्हणून वर्षातून एखादंच. नंतर बारावी, इंजिनिअरिंग, नोकरी, यात ते सुटलं. आता टेबल आहे, एअरब्रश आहे, जपानात हवं ते किट मिळतं, आणि तरीही माझी अर्धवट मॉडेलं कपाटात साठत चालली होती. प्रत्येक वेळी कुठला तरी बारीक भाग राहून जायचा आणि त्या एका भागापायी सगळंच थांबायचं. मुरलेली माणसं हे कसं निभावतात, ते मला जवळून बघायचं होतं.

हे गाव या धंद्यात आलं ते लाकडामुळे. सेन्गेन देवळाच्या बांधकामासाठी आलेले सुतार आणि लाखकाम करणारे कारागीर इथेच राहिले, असं सांगतात. मॉडेलं बनवणारी इथली तामिया कंपनीसुद्धा 1946 साली लाकडाचा व्यापार म्हणून सुरू झाली, मग लाकडी मॉडेलं करू लागली आणि 1960 मध्ये तिचं पहिलं प्लास्टिक मॉडेल आलं, यामातो युद्धनौकेचं. आता गावात टपालपेटीसुद्धा मॉडेलच्या किटसारखी आहे, चौकटीला सुटे भाग चिकटलेली, आणि तिच्यात खरंच पत्रं टाकता येतात. मी आईला एक टाकलं.

ट्विन मेस्से या प्रदर्शनाच्या जागेत कंपन्यांचे स्टॉल आहेत तिथे मला अजिबात करमलं नाही. गर्दी इतकी की काचेपर्यंत पोचायलाच वेळ लागतो, आणि पोचल्यावर दिसतं ते पुढे दुकानात येणारच असलेलं काहीतरी. माणसं डोक्यावरून फोन धरून फोटो काढतात आणि न बघताच पुढे सरकतात. नवरा तिथे रमला, मी क्लबांच्या दालनात गेले.

हेच खरं पाहण्यासारखं आहे. जपानभरातले, आणि परदेशातलेही, हौशी क्लब लांबच लांब टेबलं मांडून आपापलं काम ठेवतात. काच नाही, दोरी नाही. बनवणारा माणूस टेबलामागे खुर्चीवर बसलेला असतो आणि विचारलं की उठून उभा राहतो. इतक्या साधेपणानं इतकं मोठं कसब समोर ठेवलेलं मी दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही.

एका टेबलापाशी मी थांबले ती तिथेच रमले. 1/700 स्केलमधली युकिकाझे ही जपानी विनाशिका. खरी नौका 118.5 मीटर लांब, म्हणजे मॉडेल जेमतेम 17 सेंटीमीटर. भोवती समुद्र. पुढच्या टोकापाशी उसळलेलं पाणी, मग नौकेच्या अंगाला धरून पाण्याला पडलेला खोलगट भाग, मागे पांढरा पट्टा. ती किती वेगात चालली आहे ते त्या पाण्यावरून कळत होतं. शेजारी दोरीला बांधलेलं भिंग ठेवलं होतं. मी भिंगातून बराच वेळ बघत राहिले आणि मग लक्षात आलं की डेकला कठडे नाहीत.

कठडे म्हणजे माझी दुखरी नस. पितळेच्या पातळ पत्र्यातून कोरलेले तयार कठडे मिळतात, ते चिमट्यानं वाकवून चिकटवायचे. माझ्या कपाटातल्या दोन नौका त्यापायीच अडल्या आहेत.

टेबलामागचे आजोबा ऐंशीच्या घरातले असावेत. माझ्या मोडक्यातोडक्या जपानीत मी विचारलं, कठडे का नाहीत? ते हसले, एक कागद घेतला आणि हिशेब मांडला. माणसाचा केस साधारण 0.07 मिलिमीटर जाड. त्याला 700 नं गुणलं की जवळपास 5 सेंटीमीटर. म्हणजे या नौकेवर दोर म्हणून केस ताणून लावला तरी तो मनगटाएवढा जाड दोर होतो. कठड्याचंही तेच. एवढ्या लांबून बघणाऱ्याला खरा कठडा दिसलाच नसता, असं ते म्हणाले. मग त्यांनी डेकची कड दाखवली. तिथे रंग एक छटा फिका होता, इतका सूक्ष्म की सांगितल्याशिवाय कळू नये. कठडा असल्याचा भास त्या कडेनं होत होता.

डोलकाठीच्या तारा मात्र होत्या, मोजक्याच. त्या कशाच्या, तर किटमधल्या उरलेल्या चौकटीच्या. प्लास्टिकची ती काडी मेणबत्तीवर धरायची, चकाकायला लागली की ज्योतीपासून बाजूला काढायची आणि मग ओढायची. झटकन ओढली तर बारीक तार, सावकाश ओढली तर जाड. आजोबांनी हवेतच हात करून ते तीन-चारदा दाखवलं. काढायचं आणि ओढायचं यांच्या मध्ये ते दर वेळी किंचित थांबत होते. वाचून ही रीत मला माहीत होती, ते थांबणं कुठेच वाचलेलं नव्हतं.

मग त्यांनी विचारलं, तुमच्या देशाचं जहाज कुठलं बनवता? मी फोनवर जुनी विमानवाहू विक्रांत काढून दाखवली. शाळेत असताना मुंबईच्या नौदल गोदीत बाबांनी मला ती दाखवली होती, तेव्हा ती संग्रहालय होती. 2014 मध्ये ती मोडीत काढली. हे सांगताना माझा आवाज जड झाला आणि आजोबांनी फोन हातात घेऊन तो फोटो मोठा करून नीट बघितला. लांबी विचारली. 213 मीटर म्हटल्यावर लगेच म्हणाले, 30 सेंटीमीटर, टेबलावर मावेल. वर ठेवायचं सी हॉक विमान होईल 17 मिलिमीटरचं. त्यांनी थर्मासमधला हिरवा चहा दिला (हा चहाचाच मुलूख आहे, त्या चहाला तोड नाही) आणि आम्ही त्या फोटोवर बोलत बसलो. 1971 ची विक्रांत करायची की नंतरची? चितगाव आणि कॉक्स बाजारवर जिची विमानं गेली तिला पुढचा चढाचा रॅम्प नव्हता, तो ऐंशीच्या दशकात सी हॅरियरसाठी बसवला. इतिहास म्हणून पहिलीच करावी, असं मला वाटत होतं. आजोबांनी विचारलं, तुम्ही कुठल्या डेकवर चालला होतात?

संध्याकाळी आओबा गल्लीतलं काळ्या रश्श्याचं ओदेन खाल्लं, नवऱ्याला आवडलं, मला फार जड वाटलं. रात्रीच्या कोदामा गाडीनं परत.

रॅम्पवालीच करते आहे. प्लास्टिकच्या पत्र्याचा सांगाडा उभा राहिला आहे, कठडे लावणार नाही. अडलंय ते डेकवरच्या मनोऱ्यापाशी. संग्रहालय असतानाचे त्याचे मागच्या बाजूचे फोटो फारसे सापडत नाहीत, सगळे जण समोरूनच काढायचे. तुमच्या घरच्या जुन्या अल्बममध्ये विक्रांतच्या सहलीचे फोटो असतील आणि त्यात चुकून मनोऱ्याची मागची बाजू आली असेल, तर मला ते हवे आहेत, धूसर असले तरी चालतील.