बटाट्याच्या देशात बिनबटाट्याचा पोम

नेदरलँड्समध्ये राहायचं म्हणजे बटाट्याशी जमवून घेणं आलंच. उकडलेला, कुस्करलेला, तळलेला, पालेभाजीत घोटलेला, सुपरमार्केटमध्ये तर मेणचट वेगळा आणि पिठूळ वेगळा. आणि याच देशात सुरिनामी लोक (सुरिनाम म्हणजे दक्षिण अमेरिकेतली जुनी डच वसाहत) घरात काही कार्य निघालं की त्या बटाट्यांकडे ढुंकूनही न बघता सरळ टोकोत जातात आणि फ्रीझरमधनं पोमताइरच्या गोठलेल्या किसाची पाकिटं उचलतात. टोको म्हणजे इथलं आशियाई-सुरिनामी वाणसामानाचं दुकान. पोमताइर म्हणजे एक कंद, आपल्या अळकुड्यांच्याच कुळातला, फक्त अमेरिकेकडचा. त्याचा होतो पोम, सुरिनामी क्रिओल लोकांचा मानाचा पदार्थ. (इथे क्रिओल म्हणजे आफ्रिकन वंशाचे सुरिनामी.)

गंमत म्हणजे पोम मुळात बटाट्याचाच होता म्हणे. सतराव्या शतकात सुरिनाम नदीकाठी ज्यू मळेवाल्यांची वसाहत होती, योडेनसव्हाने, तिकडच्या ओव्हनमधल्या कुठल्यातरी बटाट्याच्या पदार्थावरून हा आला असं सांगतात. बटाटा तिथल्या हवेत येईना, बोटीनं मागवायचा तर परवडेना, आणि मळ्यावरच्या चुली सांभाळणार गुलाम बायका, मग जो कंद हाताशी होता तो किसला गेला.

पुढे 25 नोव्हेंबर 1975 ला सुरिनाम स्वतंत्र झाला आणि त्याच्या आगेमागे हजारो लोक इकडे आले, बरेच जण ॲमस्टरडॅमच्या बायल्मर भागातल्या त्या अजस्र षटकोनी इमारतींमध्ये राहायला. म्हणजे बघा, आता बटाटा दारात, तोही स्वस्त. पोमताइर मात्र विमानानं किंवा बोटीनं येणार, बर्फ होऊन. तरी कुणी बटाट्याकडे परत गेलं नाही! मला हे भारी आवडतं. अडला हरी म्हणून धरलेला कंद, अडचण संपली तरी सुटला नाही.

ऑफिसमधल्या एका सुरिनामी मैत्रिणीच्या आईकडे, सगळे त्यांना तांते, म्हणजे मावशी, म्हणतात म्हणून मीही तांतेच म्हणते, पोम करताना बघितलाय. चिकन कांदा-टोमॅटो, जायफळ, सेलरीचा पाला घालून आधी शिजवून घ्यायचं. किसात संत्र्याचा आणि लिंबाचा रस, थोडी साखर आणि पिकालिली. ही पिकालिली म्हणजे हळद-मोहरीचं पिवळं लोणचं, इंग्रजांनी आपल्या लोणच्यांची नक्कल करून बनवलेलं, तिथनं फिरत फिरत सुरिनामी ओव्हनमध्ये पोचलेलं, काय प्रवास आहे बघा. आंबट रस का लागतो ते मला कुणी सांगायची गरज पडली नाही, अळूच्या फदफद्यात चिंच का घालतात ते ज्याला माहितीये त्याला कळतंच. मग ट्रेमध्ये खाली कीस, मधे चिकन, वर परत कीस, वरनं लोण्याचे तुकडे आणि तासभर तरी ओव्हनमध्ये, वरचा थर खरपूस तांबूस होईस्तोवर. कच्चा असताना तो लगदा बघून भूक मरते हे खरंय, पण कोपऱ्यातल्या करकरीत तुकड्यासाठी मोठी माणसंसुद्धा ट्रेभोवती घुटमळत असतात.

पोम नाही तर वाढदिवस नाही, असं सुरिनामी लोक म्हणतात. त्यात पन्नाशी-साठीचा वाढदिवस म्हणजे बिगी यारी, मग तर ट्रेवर ट्रे. एरवी दुपारच्या भुकेला ब्रोचे पोम, मऊ पावात पोमचा गरम तुकडा आणि वर काकडी-कांद्याचं व्हिनेगरमधलं गोडसर आंबट लोणचं. त्यात मादाम जानेट नावाची पिवळी मिरची असते, वास इतका गोड की माणूस फसतो. आपण महाराष्ट्राचे, आपल्याला काय तिखट, हा माज तिथे उतरतो.

1 जुलैला मात्र पोम मागे राहतो. 1863 साली त्या दिवशी गुलामगिरी कायद्यानं संपली, म्हणून केती कोती, साखळ्या तुटल्याचा दिवस. (मळ्यावर राबणं मात्र आणखी दहा वर्षं सक्तीचंच होतं, आणि ते संपायच्या सुमाराला 1873 मध्ये कलकत्त्याहून पहिलं जहाज भरून भारतीय मजूर तिकडे नेले गेले, म्हणून आज पोमच्या शेजारी त्याच काउंटरवर रोटी मिळते.) त्या दिवशी हेरी हेरी खातात, म्हणजे उकडलेला कसावा, रताळं, केळं, कंद आणि खारवलेला मासा. मळ्यावरचं पोटभरीचं जेवण, ओव्हन नाही की थर नाहीत. चवीला मला पोमच जास्त आवडतो, पण हेरी हेरी खाताना तुलना करावीशी वाटत नाही.

आता आमच्या इथल्या मराठी ग्रुपवर कुणीतरी गणपतीत अरबी, म्हणजे अळकुड्याच, किसून व्हेज पोम करायचा घाट घातलाय. चिकन नाही तर मधल्या थरात रस कुठनं येणार हा माझा प्रश्न आहे, त्यावर पनीर असं उत्तर आलंय, आणि ट्रे पन्नास माणसांचा आहे म्हणून अरबी सोलायला व्हॉलंटियर हवेत. अजून एकाचंही नाव आलेलं नाही.