तुम्ही विचारलंत म्हणून: लेट्रोझोलची सांधेदुखी आणि अक्युपंक्चर

‘स्तनाच्या कॅन्सरसाठी लेट्रोझोल सुरू झाल्यापासून सकाळी मूठ वळत नाही, कुकरचं झाकण लावता येत नाही. अक्युपंक्चर करून बघू का?’ हा प्रश्न आम्हाला सतत येतो. अक्युपंक्चर म्हणजे शरीरावर ठरावीक जागी बारीक सुया टोचण्याचा उपचार. जरूर करून बघा, पण गोळी चालू ठेवून. लेट्रोझोल, अनास्ट्रोझोल या गोळ्या शरीरातलं इस्ट्रोजेन अगदी कमी करतात, त्यामुळे बोटं, मनगटं, गुडघे आखडतात. दुखण्याला कंटाळून कितीतरी जणी गोळी परस्पर सोडतात, आणि कॅन्सर उलटण्याची खरी भीती तिथेच असते.

अमेरिकेत 11 केंद्रांवर अशा 226 बायकांवर चाचणी झाली. निष्कर्ष 2018 मध्ये प्रसिद्ध झाले. काहींना योग्य जागी सुया, काहींना भलत्याच जागी वरवर टोचलेल्या, काहींना काहीच नाही. पहिले सहा आठवडे आठवड्यातून दोनदा, पुढचे सहा आठवडे एकदा. दहापैकी गुण दिले तर खऱ्या सुयांनी दुखणं इतरांपेक्षा सरासरी एका गुणाने जास्त उतरलं. फरक मोठा नाही, पण गोळी चालू ठेवायला तेवढा आधारही पुरतो.

म्हणून सुरू करण्याआधी आठवडाभर रोज सकाळी दोन गोष्टी लिहा: दुखणं दहापैकी किती, आणि मूठ पूर्ण वळायला किती मिनिटं लागली. बारा बैठकांनंतर आकडे तिथेच असतील तर थांबा. ‘अजून दहा घ्या’ म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका.

सुई केसासारखी बारीक, साधारण पाव मिलिमीटर जाडीची. ती वीस ते तीस मिनिटं ठेवतात. टोचल्यावर जड, बोथट कळ येते. तीव्र झिणझिणी आली तर लगेच सांगा. काळंनिळं पडणं नेहमीचं आहे. उपाशीपोटी जाऊ नका, चक्कर येते.

काखेतल्या गाठी (लसिकाग्रंथी) काढल्या असतील तर त्या बाजूच्या हाताला सुई नको. छातीवर खोल सुई तर नकोच, फुप्फुसाला इजा होऊ शकते. केमो चालू असेल तर ताजा सीबीसी (रक्तपेशींच्या मोजणीचा) रिपोर्ट कॅन्सरच्या डॉक्टरांना दाखवा. पांढऱ्या पेशी किंवा प्लेटलेट फार खाली असतील तर बैठक पुढे ढकला. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तेही सांगा. सुयांचं पाकीट तुमच्यासमोर फोडलं पाहिजे.

केमोच्या मळमळीसाठी मनगटाच्या आतल्या घडीपासून स्वतःची तीन बोटं कोपराकडे, दोन दोरीसारख्या स्नायुबंधांच्या मधली जागा अंगठ्याने दोन-तीन मिनिटं दाबा, ऑपरेशन न झालेल्या बाजूच्या हातावर. उलटीची गोळी मात्र चुकवू नका.

काखेतल्या गाठी काढल्यावर येणारी हाताची सूज उतरवायला सुयांकडे जाऊ नका. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग या कॅन्सर रुग्णालयातल्या चाचणीत ती घटली नाही. त्यासाठी फिजिओथेरपी आणि हातावर चढवायची घट्ट, दाब देणारी बाही.