बाईंनी मागवलेला सातबारा

दहावीला नागरिकशास्त्र शिकवणाऱ्या आमच्या बाई पुस्तक क्वचितच उघडत. 1988 साली समानतेच्या हक्काचा धडा आला तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, “उद्या घरचा सातबारा घेऊन या.” घरोघरी कुजबुज झाली. बाईंना कशाला हवा उतारा? एका पालकांनी तर हेडसरांनाच गाठलं.

दुसऱ्या दिवशी बाकांवर घड्या पडलेले, पिवळट उतारे. “यात बाईमाणसाचं नाव शोधा.” कब्जेदाराच्या रकान्यात वडील, आजोबा, चुलते. कुठे ‘ए.कु.क.’, म्हणजे एकत्र कुटुंब कर्ता, तोही पुरुषच. काही आज्या, आत्या सापडल्या, पण ‘इतर हक्का’त, सोसायटीच्या कर्जाच्या बोज्याच्या खाली. कब्जेदार रकान्यात आईचं नाव एकाच मुलाच्या उताऱ्यावर होतं आणि तिथे ‘अ.पा.क.’ लिहिलेलं. वडील वारलेले, मुलगा अज्ञान, म्हणजे अठराच्या आतला, म्हणून आई पालनकर्ती. बाईंनी त्याला विचारलं, “तू अठराचा झालास की या नावाचं काय?”

“कमी होईल,” तो म्हणाला. तलाठ्याची भाषा त्याला तोंडपाठ होती.

बाई नोव्हेंबर 1986 मध्ये शेतकरी संघटनेच्या चांदवडच्या महिला अधिवेशनाला जाऊन आल्या होत्या. आमच्या निफाड तालुक्यातून ट्रॉल्या भरभरून बाया गेल्या होत्या, माझी आईही. पुढे संघटनेचे नेते शरद जोशी यांनी लक्ष्मीमुक्तीची हाक दिली आणि काही शेतकऱ्यांनी खरोखरच जमीन बायकोच्या नावे केली. पुरुषी सत्तेचं मूळ धर्मग्रंथात शोधायचं की स्वभावात, यावर विद्वानांनी खुशाल वाद घालावा. माझ्यापुरतं ते त्या रकान्यात आहे. निंदणी-खुरपणी, कांद्याची लागण बाईने करायची. पण उताऱ्यावर नाव नाही म्हणून पीककर्ज नाही, सोसायटीत मत नाही. नवऱ्याने आत्महत्या केली तर सासरचे आधी तलाठ्याकडे धावतात.

वकील झाले ती या एका तासामुळे, असं म्हणणं भाषणात शोभेल. खरं कारण गणित कच्चं होतं हे. पण दिवाणी कोर्टात वाटपाचेच दावे जास्त वाट्याला आले आणि बाई रोज आठवू लागल्या.

कायदा पुढे सरकला, पण अडखळत. 1956 च्या हिंदू वारसा कायद्याने वडिलांच्या हिश्शात मुलीला वाटा दिला, एकत्र कुटुंबात जन्माने हिस्सेदार मात्र मुलगेच राहिले. महाराष्ट्राने 22 जून 1994 पासून मुलींना तो हक्क दिला, पण त्या तारखेपूर्वी लग्न झालेल्यांना वगळून. माझ्या वर्गातल्या एकीचं लग्न त्याच मे महिन्यात उरकलेलं, धाकटीचं दिवाळीनंतर. एकाच आईबापाच्या लेकी, धाकटी हिस्सेदार आणि थोरली पाहुणी! 9 सप्टेंबर 2005 च्या केंद्राच्या दुरुस्तीने ही भानगड मिटवली. त्या दिवशी वडील हयात हवेत की नकोत, हा घोळ मात्र 11 ऑगस्ट 2020 पर्यंत चालला. हक्क जन्मानेच मिळतो, वडील हयात असण्याची गरज नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने तेव्हा सांगितलं.

आणि तरीही दुय्यम निबंधकांच्या कचेरीबाहेर कधीही जाऊन उभं राहा. भावाच्या गाडीतून बहिणी उतरतात, हिस्सा सोडल्याच्या हक्कसोड पत्रावर अंगठे उमटतात, फोटो निघतो, येताना हॉटेलात जेवण आणि घरी साडीचोळी. “लग्नात दिलं की,” भाऊ म्हणतो. हुंडा घेणं-देणं 1961 पासून गुन्हा आहे, पण हिशेबाला चालतो.

या बहिणींना भोळ्या म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. त्यांचा हिशेब पक्का असतो. सासरी उद्या काही बिनसलं तर पिशवी घेऊन जायला एकच दार आहे, त्या दाराशी दावा कोण लावणार?

माझ्या वडिलांच्या पश्चात मी हिस्सा मागितला. नाव लागलं, भावाने दोन वर्षं भाऊबीज बंद ठेवली, मग सुरू केली. थोरल्या ताईने मात्र हक्कसोड करून दिलं. तिच्याकडे कायद्याची कलमं घेऊन मी गेले होते. तिने चहा ठेवला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “तुझं ऑफिस आहे, तालुक्यात घर आहे. तू भांड. मला आईच्या ओट्यावर दोन दिवस बसायला मिळतं, ते मी दीड एकराला नाही विकणार.” मी कोर्टात बऱ्याच जणांना निरुत्तर केलंय. ताईला अजून उत्तर देता आलेलं नाही.