गळ्यात मारलेली दुर्बीण आणि खाडीच्या मुखावरचा एक तास

कयाकमधून केलेल्या चार दिवसांच्या प्रवासात पहिला, तिसरा आणि चौथा दिवस सुरळीत गेला, त्यामुळे त्यांविषयी लिहिण्यासारखे फारसे नाही. दुसऱ्या दिवशी मात्र ओहोटीचे पाणी खाडीबाहेर धावत असताना समोरून लाटा येत होत्या, आणि दोन्ही जिथे भिडत होते ते मुख ओलांडायला लागलेल्या तासाभरात माझी दुर्बीण कामातून गेली.

विक्रेत्याने ती ‘वॉटरप्रूफ’ म्हणून अक्षरशः माझ्या गळ्यात मारली होती. खोक्यावर बारीक अक्षरांत आयपीएक्स ४ असा पाणी रोखण्याचा दर्जा छापला होता, आणि तो मी घरी परतल्यावर वाचला. ४ म्हणजे केवळ शिंतोडे सोसण्याची हमी. ७ असेल तर १ मीटर खोल पाण्यात ३० मिनिटे बुडूनही आत पाणी शिरत नाही, तेही चाचणीच्या गोड्या पाण्यात. मांडीवरच्या दुर्बिणीवर एकामागून एक तीन लाटा फुटल्या, आणि संध्याकाळी भिंगांच्या आतल्या बाजूला असे धुके साचले की पुढचे दोन दिवस मला पक्ष्यांऐवजी ठिपकेच दिसले.

त्यामुळे आयपीएक्स ७ पेक्षा कमी दर्जाची दुर्बीण समुद्रावर नेऊच नये. आत नायट्रोजन भरलेला असावा. तो कोरडा असल्याने थंडाव्यात भिंगे आतून धुरकट होत नाहीत, पण पाणी अडवण्याचे काम रबरी कड्यांचेच. हलत्या नावेत ७ पटींहून अधिक मोठे दाखवणारी दुर्बीण हातात स्थिर राहत नाही, म्हणून ७×५० (७ पट मोठे दाखवणारी, पुढच्या भिंगाचा व्यास ५० मिमी) पुरे.

ड्राय बॅग, म्हणजे पाणी आत न शिरू देणारी पिशवी, रात्रीपुरतीच ठीक. वल्हवताना ती उघडेपर्यंत पक्षी दिसेनासा होतो, आणि ओली दुर्बीण तिच्यात कोंडली तर बुरशीला आमंत्रणच. बहुतेक दुर्बिणी पाण्यात बुडतात, म्हणून तरंगणारा पट्टा लावावा आणि निघण्यापूर्वी तो दुर्बिणीचे वजन खरोखर पेलतो का, हे बादलीत पाहावे. मात्र फुटत्या लाटांत शिरताना पट्टा गळ्यात ठेवू नये.

रोज संध्याकाळी, दुर्बीण खरोखर जलरोधक असेल तरच, ती गोड्या पाण्याने धुवावी. मिठाचे कण तसेच ठेवून भिंग पुसले तर लेपावर ओरखडे उठतात. आणि कितीही मोह झाला तरी ती घरी उघडू नये. मी उघडली, आता तिच्यातून प्रत्येक पक्षी दोनदा दिसतो.