फुल गँग

रात्रीचे सव्वाअकरा. बेबी घोरतेय. केबिनचा दिवा लावला की ती उठते, आणि एकदा उठली की मला दोन वाजेपर्यंत सुनेचं पुराण ऐकावं लागतं, म्हणून बाथरूमचा लाइट लावून दार फटीएवढं उघडं ठेवलंय आणि त्या पट्टीभर उजेडात लिहितेय.

झालं काहीच नाहीये. म्हणजे कुणाला सांगायला गेलं तर हसतील. एक फोटो आहे फक्त.

आज जहाज कोचीला लागलं, विलिंग्डन बेटाच्या धक्क्याला. पाचच्या आत परत या म्हणाले. काल रात्री जेवताना ठरलं होतं की आम्ही सहाही जणींनी उतरायचं, आणि सकाळी नाश्त्याला बघते तर पुष्पीचे गुडघे, रजनीचं पित्त, शोभाला सगळे उतरले की स्विमिंग पूल रिकामा मिळणार म्हणून आनंद, आणि बेबी आणि सुनंदाचं काय, जिकडे शोभा तिकडे त्या. "तू जाय ना व, तुले फिरायचं लागते," शोभा म्हणाली. प्रेमानेच म्हणाली. मी पण हसून हो म्हटलं. लिफ्टच्या आरशात बघितलं तर ते हसू तसंच चिकटून राहिलेलं, पुसायचं विसरल्यासारखं.

उतरताना कार्ड मशीनला लावायचं असतं. टुंग वाजतं आणि स्क्रीनवर आपला फोटो येतो, म्हणजे ही बाई बाहेर गेली हे जहाजाला कळतं.

गंमत म्हणजे एर्नाकुलम, म्हणजे कोचीचंच स्टेशन, मला नवीन नाही. पंचवीस वर्षं भुसावळ-जळगाव अपडाउन केलंय, मंगला लक्षद्वीप एक्स्प्रेसच्या डब्यांवर निजामुद्दीन-एर्नाकुलम वाचून वाचून पाठ झालंय. एकदा बसायचं आणि जळगावला उतरायचंच नाही, गाडी संपेल तिथवर जायचं, असं ह्यांना म्हटलं होतं. ते म्हणाले होते जाऊ. असो. भुसावळहून थेट गाडी असलेल्या गावाला मी आधी मुंबई गाठून मग समुद्रातून आले, हे माझ्याच बाबतीत होऊ शकतं.

रिक्षा करून आधी मट्टानचेरीला गेले. ऊन आपल्यासारखं नाहीच. आपलं मे महिन्यातलं ऊन भाजतं, हे शिजवतं. दहा मिनिटांत पदर पिळायची वेळ. एका गल्लीत मिरी, सुंठ, वेलदोडा असा वास एकदम अंगावर आला की मी उगाच थांबले आणि बाजूला वळून "बघ गं" म्हणाले. बाजूला कुणी नव्हतं. एक शेळी होती.

तिथलं ज्यू लोकांचं देऊळ बघितलं, १५६८ सालचं. परदेशी सिनेगॉग म्हणतात. परदेशी म्हणजे आपलं परदेशीच, बाहेरून आलेले, मला उगाच आमच्या गल्लीतले परदेशी आठवले. चपला काढून आत जायचं. वर हंड्या-झुंबरं आणि खाली निळ्या-पांढऱ्या फरशा, चीनहून आणलेल्या, हाताने रंगवलेल्या. एकीसारखी दुसरी नाही म्हणतात, मी चार-पाच ताडून बघितल्या, झाडाच्या फांद्या खरंच वेगळ्या होत्या. गार पण होत्या, पाय निघेना. शेजारी एका ग्रुपला गाइड हिंदीतून सांगत होता, ते फुकटात ऐकलं. त्यांच्यात दहा पुरुष जमल्याशिवाय सामुदायिक प्रार्थना होत नाही. १९४८ ला इस्रायल झालं आणि मग इथली घरंच्या घरं तिकडे गेली, आता दहा जमत नाहीत, बाहेरचे पाहुणे आले तर होतं. बायकांसाठी वर वेगळा सज्जा आहे, पण त्या मोजणीत नाहीत. वरती पन्नास असल्या तरी खाली नऊ म्हणजे नऊच.

बाहेर येऊन पायऱ्यांवर चपला घालत होते तेव्हा फोन वाजला. ग्रुपवर फोटो. पूलच्या काठावर पाच जणी, गॉगल, हातात रंगीत सरबतं, पुष्पीचे दुखरे गुडघे मस्त पाण्यात. खाली शोभाने लिहिलेलं, "फुल गँग!!" आणि सहा बदाम.

सहा बदाम. मी मोजले. चेहरे पण दोनदा मोजले, जणू मी कुठे तरी मागे उभी असेन आणि मलाच माहीत नसेल.

अंगठा टाकला. मग काढला. मग वाटलं काढलेला दिसला तर? परत टाकला.

आता शोभाने मुद्दाम केलं का, तर नाही. ती तसली नाही. मुद्दाम केलं असतं तर बरं होतं, मी तिच्या डोक्यात तरी होते असं झालं असतं. हे त्याच्या पलीकडचं आहे. लिहिताना तिला वाक्य पूर्ण वाटलं, काही कमी आहे असं बोटांना लागलंच नाही. मीठ कमी असलं तर लगेच कळतं. मी म्हणजे काय, कोथिंबीर?

त्या तिरमिरीत एका केळीवाल्यासमोर जाऊन उभी राहिले. अख्खे घड दोरीला टांगलेले, लाल, पिवळे, हिरवे. नेंद्रन मागितलं. त्याने छोट्या सुरीने फणीतून एक कापून दिलं, जाड साल, तीन कडा हाताला लागतात, आतला गर केशरीकडे झुकणारा आणि इतका घट्ट की चावावं लागतं. आपलं टिश्यू कल्चरचं केळ तोंडात विरघळतं, हे भांडतं. मी म्हटलं, जळगाव, बनाना, आमच्याकडे पण. तो "ओ, जळगाव!" म्हणाला आणि आणखी एक फुकट दिलं. एवढ्यावर माझ्या डोळ्यांत पाणी आलं, काय म्हणावं. कोपरापर्यंत रस येईल असं काही ते केळ नव्हतं तरी मी रुमाल काढून हात पुसत बसले.

मग फोर्ट कोची. सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये वास्को द गामाला १५२४ मध्ये पुरलं होतं, पुढे त्याचे अवशेष पोर्तुगालला नेले. दगड तेवढा राहिलाय, भोवती कठडा, आणि लोक त्या रिकाम्या जागेचे फोटो काढत होते. तो नाहीये तरी त्याची गर्दी. मला जास्त आवडले ते वरचे कापडी पंखे, लांबच लांब पट्टे, त्यांच्या दोऱ्या भिंतीतून बाहेर जातात, बाहेर माणूस बसून ओढायचा म्हणे. आत सगळे गार वाऱ्यात प्रार्थना करणार आणि हा उन्हात. त्याला कुणी मोजलं असेल का. म्हटलं बाई, पुरे आता, तुला सगळीकडे मोजणीच दिसायला लागली.

चिनी जाळ्यांपाशी गेले तेव्हा तीन वाजले असतील. फोटोत असतात त्यापेक्षा फार मोठी असतात ती. पाण्यावर चौकोनी जाळं, त्याला धरणारा लाकडांचा सांगाडा, आणि मागच्या बाजूला दोऱ्यांना बांधलेले मोठाले दगड. जाळं वर यायला लागलं की दगड खाली येतात. रेल्वे फाटकाच्या दांड्याला मागून वजन असतं ना, तसंच. पाच माणसं दोरी ओढत होती, काहीतरी ठेक्यात म्हणत. मी बघत उभी, तर त्यातल्या एका म्हाताऱ्याने हाताने खूण केली, या. मी मागे बघितलं. मलाच.

चपला काढून फळ्यांवर गेले. दोरी ओली, खरखरीत, काथ्याची. त्यांच्या मागे शेवटची उभी राहिले आणि ते म्हणतील ते न कळता आपलं हेऽऽ हेऽऽ करत ओढलं. खांद्यातून कळ आली. जाळं वर आलं, पाणी धो धो गळलं, आणि आत काय, मूठभर चांदीच्या रंगाचे मासे, एक खेकडा, आणि ढीगभर जलपर्णी. आपल्या तापीत असते तीच. मी एवढी हसले की म्हातारा पण हसायला लागला. मग त्याने अर्थातच पैसे मागितले. पन्नास दिले. धंदाच आहे तो त्यांचा, मला काय कळत नाही का, पण खरं सांगू का, पन्नासात स्वस्त पडलं.

आणि तिथे फळीवर बसून पाय वाळवताना लक्षात आलं की केळीवाल्यापासून... नाही, त्यानंतर, जाळ्याजवळ आल्यापासून मला त्या पाचही जणींची आठवण आली नव्हती. एकीची पण नाही. शोभाने तर निदान सहा बदाम टाकले होते.

साडेचारला परत. टुंग. मशीनला बरोबर माहीत, आली बाई. वर गेले तर पाचही जणी पत्ते कुटत बसलेल्या, आणि पुष्पी म्हणते, "अव, कुठी होती? आम्ही म्हटलं झोपली असशीन." सकाळी मला निरोप देणाऱ्यांतलीच ही. मी केळीचे वेफर्स पुढे केले, खोबरेल तेलातले, शोभाने अर्धं पाकीट संपवून सांगितलं की आपल्या सावद्याचे बरे. सुनंदाने मलाही पानं वाटली. बसले. तीनदा हरले.

आत्ता मघाशी फोनमधले फोटो बघत होते. केळीवाल्याच्या दुकानाचा चांगला आलाय. एक जाळ्यावरचा आहे, कुठल्या तरी टूरिस्ट पोरीने काढून दिलेला, कोपऱ्यात तिचं बोट आलंय. पाच लुंग्या आणि शेवटी मी, डोळे मिटलेले, तोंड उघडं, पदर खोचलेला, दोरी धरून मागे झुकलेली.

तोच टाकला ग्रुपवर. खाली लिहिलं, "फुल गँग".

जहाज कधीच सुटलंय, रेंज नाही. फोटोच्या बाजूला ते छोटं घड्याळ आलंय. उद्या लक्षद्वीपला लागलो की जाईल बहुतेक. बेबी कुशीवर वळली.