दहा दिवस हाडांच्या संगतीत: पुणे आणि इनामगाव

जानेवारीत पुण्याला फिजिकल अँथ्रोपॉलॉजीच्या (माणसाचं शरीर आणि हाडं यांचा अभ्यास) दहा दिवसांच्या ट्रेनिंगला जाऊन आलो. मी नागपूरचा, झूलॉजीत एमएस्सी, माणसाच्या हाडांशी ओळख म्हणजे कॉलेजच्या कपाटात टांगलेला सांगाडा, बस. आल्यापासून तिघाचौघांनी विचारलं की आम्ही जावं का, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

पहिले तीन दिवस जिवंत माणसं मोजली. ऐकायला शिंप्याचं काम वाटतं, पण मी एकाच मुलाच्या खांद्यांची रुंदी तीनदा घेतली आणि पहिल्या-तिसऱ्या आकड्यात दीड सेंटिमीटरचा फरक. मॅडम म्हणाल्या, "तो वाढला नाही रे, तुझं बोट घसरलं." खांद्याच्या हाडाचं टोक बोटाने चाचपून नक्की करायचं आणि मग अँथ्रोपोमीटर (शरीर मोजायची सरकत्या पट्ट्यांची दांडी) लावायचा, सगळा खेळ तिथेच आहे. उंची शक्यतो सकाळी घ्या, दिवसभरात मणक्यांमधल्या चकत्या दबतात आणि संध्याकाळी माणूस सेंटिमीटरभर बुटका भरतो. आणि हात-पाय डावे मोजले की उजवे ते वहीत लिहाच, आपल्याकडची जुनी पद्धत डावी बाजू घेते, स्पोर्ट्सवाले उजवी, नंतर आकडे जुळवताना डोकं फिरतं.

मग हाडं. कवटी दोन्ही हातांनी उचलायची, डोळ्यांच्या खोबणीत बोटं घालून तर कधीच नाही, खाली वाळूची पिशवी किंवा फोमची रिंग, आणि जवळपास पेन नको, पेन्सिलच. एका ट्रेमध्ये लहान मुलांच्या हाडांचे तुकडे दिले होते, मी तासभर एकच मूल समजून मांडत बसलो आणि शेवटी कानाच्या आतल्या भागाभोवतीचं घट्ट हाड डाव्या बाजूचंच दोनदा निघालं, म्हणजे मुलं किमान दोन! हे हाड सगळ्यात टणक, बाकीचं विरघळलं तरी टिकतं, म्हणून आधी ते शोधा. मुलांचं वय दातांवरून बरंच नीट सांगता येतं, मुलगा की मुलगी ते नुसत्या हाडांवरून सांगायच्या फंदात पडू नका.

मधल्या सुट्टीत डेक्कन कॉलेजचं म्युझियम. रिक्षावाल्याला "डेक्कन" म्हणालो तर त्याने डेक्कन जिमखान्यावर सोडलं. कॉलेज येरवड्याला आहे हो! आधी फोन करून वेळ विचारून जा. इरावती कर्वे इथल्याच, आणि इनामगावच्या, म्हणजे हजारो वर्षांपूर्वीच्या एका वस्तीतल्या, हाडांवर सुभाष वाळिंबे आणि जॉन लुकाक्स यांनी केलेलं कामही इथलंच.

रविवारी इनामगाव. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी, आणि एसटीच्या भरवशावर राहू नका, चौघांत गाडी करा. १९६८ पासून चौदा-पंधरा वर्षं इथे उत्खनन चाललं, दोनशेच्या वर दफनं निघाली. लहान मुलं दोन रांजणांत, रांजणांची तोंडं एकमेकांना लावून, घराच्या जमिनीखाली पुरलेली. मोठ्यांचे पाय घोट्याखाली तोडलेले, बहुतेक मेलेल्याने परत चालत येऊ नये म्हणून असा अंदाज. एक माणूस मात्र चार पायांच्या रांजणात बसवलेला, पाय शाबूत. तो कोण असेल यावर आम्ही जेवणभर भांडलो. तिथे आज मला दिसली ती शेतं आणि खापरं, खापर खिशात टाकू नका. एक आजोबा म्हणाले, "हाडं बघायला आलाय व्हय पाव्हणं? ती गेली की पुण्याला," आणि चहा पाजला.

पुढचं कामाचं. मला उगाच वाटायचं सगळं पुण्या-दिल्लीत, तर अँथ्रोपॉलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाचं केंद्र आमच्याच नागपुरात निघालं (मुख्यालय कोलकात्याला, आणखी केंद्रं उदयपूर, म्हैसूर, डेहराडून वगैरे). फेलोशिपच्या जाहिरातींवर नजर ठेवा. या विषयाची अमेरिकेतली संघटना १९३० ची आहे, आता नावात फिजिकलच्या जागी बायोलॉजिकल लावलंय, विद्यार्थ्यांना स्वस्तात मेंबर होता येतं. युरोपात जुन्या स्मशानांवरच्या फील्ड स्कूलची फी डॉलर-युरोत असते, त्यात विमानभाडं धरलेलं नसतं, हे मी फॉर्म अर्धा भरल्यावर वाचलं. त्यापेक्षा आधी इथल्या एखाद्या प्राध्यापकांना चार ओळींचा मेल टाका, सीव्हीपेक्षा तुम्ही काय मोजलंय ते लिहा. मला दोन मेलपैकी एकाचं उत्तर आलं, तेही तीन आठवड्यांनी.

आणि हो, स्वतःचा कॅलिपर (हाडांची जाडी-रुंदी मोजायचा चिमटा) न्यायचा असेल तर धातूचा न्या. माझा प्लॅस्टिकचा दुसऱ्याच दिवशी वाकला.